जोडायचं म्हणजे नेमकं काय? झेडएफएसची गोष्ट, व्हाया पुणे ते लातूर

आजचा भाग थोडा लांब आहे आणि थोडा टेक्निकल आहे, पण बसमध्ये बसून एका कानात इअरफोन घालून ऐकला तरी कळेल असा प्रयत्न केलाय. ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की अडखळणं आणि मागचे हॉर्न काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आहे झेडएफएस नावाची फाईल सिस्टीम. ती कुणी बनवली, पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचा तिच्याशी काय संबंध, आणि अशी अवघड गोष्ट साध्या माणसाला समजावून सांगायचं काम कुणी केलं, कसं केलं. मी नांदेडचा, विष्णुपुरीला बीटेक केलं, आता पुण्यात स्टोरेजवर काम करतो. गेले काही महिने सुट्टीच्या दिवशी याच झेडएफएसची एक मराठी गाईड लिहितोय. त्यामुळे हा इतिहास मला पुस्तकातला वाटत नाही, रोज हाताखाली येणारा वाटतो.

आधी फाईल सिस्टीम म्हणजे काय ते बघू. तुमच्या मोबाईलमध्ये फोटो असतो. पण मेमरीला फोटो वगैरे काही कळत नाही. तिच्यासाठी सगळे नंबर टाकलेले खण असतात, लाखो-करोडो. कुठला फोटो कुठल्या खणांत, कुठल्या क्रमानं ठेवलाय, हे लक्षात ठेवणारा कुणीतरी लागतो. सरकारी ऑफिसात हे काम रेकॉर्ड रूमचा माणूस करतो. तो रिटायर झाला की नस्ती सापडत नाही, हे तुम्ही अनुभवलं असेलच. मोबाईलमध्ये ते काम फाईल सिस्टीम करते. अँड्रॉइडमध्ये साधारण ईएक्सटी४ किंवा एफ२एफएस असते, आयफोनमध्ये एपीएफएस.

आता मागे जाऊ. २००१ साली अमेरिकेतल्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अ‍ॅरन्स यांनी नवीन फाईल सिस्टीम लिहायला घेतली. २००४ मध्ये कंपनीनं ती जाहीर केली आणि २००५ च्या शेवटी तिचा कोड ओपन सोर्स म्हणून बाहेर आला. नाव झेडएफएस.

त्यांना अडचण काय वाटत होती? त्या काळी प्रत्येक डिस्कची, किंवा डिस्कच्या प्रत्येक तुकड्याची, वेगळी फाईल सिस्टीम असायची. एक भरली आणि दुसरी रिकामी असली तरी इकडची जागा तिकडे वापरता यायची नाही. मधे व्हॉल्यूम मॅनेजर नावाचा आणखी एक थर घालून लोक काम भागवायचे. लातूरकरांना हे मी एका वाक्यात सांगतो: प्रत्येक घराच्या गच्चीवर वेगळी सिंटेक्स टाकी. शेजाऱ्याची भरून वाहतेय आणि तुमचा नळ कोरडा. झेडएफएसनं काय केलं, तर सगळ्या डिस्क मिळून एक मोठी सामायिक टाकी केली. तिला पूल म्हणतात. आता ज्याला जेवढं लागेल तेवढं तो त्यातून घेतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला १० वाघिणी, साधारण ५ लाख लिटर. ते दिवस ज्यानं काढलेत त्याला सामायिक साठा म्हणजे काय, आणि त्याला एका जागी भोक पडलं तर काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही. त्या भोकाकडे आपण नंतर येणार आहोत, लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट जास्त भारी आहे. जुन्या फाईल सिस्टीम जिथं डेटा आहे तिथंच नवीन डेटा लिहायच्या. लिहिता लिहिता लाईट गेली की अर्धं जुनं, अर्धं नवं. त्यावर उपाय म्हणून जर्नल आलं. दुकानदार आधी रोजकीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत घेतो, तसं. झेडएफएसनं वेगळा रस्ता धरला. ती जुन्या जागी लिहितच नाही. नवा डेटा नव्या जागी लिहायचा, सगळं नीट लिहून झालं की शेवटी फक्त मुळाचा पत्ता बदलायचा. मधे भारनियमन झालं तरी जुनं सगळं शाबूत.

मराठवाड्यातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन कळतं, असा माझा अनुभव आहे. तलाठी जुन्या खातेदाराचं नाव खरवडून काढत नाही. ते कंसात जातं, नवं नाव येतं आणि शेजारी फेरफार नंबर पडतो. तो नंबर धरून तुम्ही मागे मागे जाऊ शकता. झेडएफएसमधला स्नॅपशॉट साधारण असाच: अमुक दिवशी सगळं कसं होतं, ते धरून ठेवणं. पण एक फरक आहे. झेडएफएसमध्ये स्नॅपशॉट घेतला नसेल, तर जुनी जागा पुन्हा वापरायला मोकळी होते. उदाहरण कुठं तुटतं हे सांगायलाच पाहिजे, नाहीतर ऐकणारा त्या उदाहरणावर घर बांधतो.

तिसरी गोष्ट चेकसम. प्रत्येक खणातल्या मजकुराचा एक छोटा हिशेब काढून तो त्या खणात न ठेवता, त्या खणाचा पत्ता जिथं लिहिलाय तिथं ठेवायचा. म्हणजे पोरानं काय आणलं हे पोराला न विचारता बापाच्या वहीत बघायचं. डिस्क गपचूप एखादा बिट फिरवते तेव्हा बहुतेक फाईल सिस्टीमना पत्ताही लागत नाही. झेडएफएसला वाचताना लागतो, आणि दुसरी चांगली प्रत असेल तर ती तिथल्या तिथं दुरुस्तही करते.

एवढी चांगली गोष्ट, मग सगळ्यांकडे का नाही? अडचण लायसन्सची. सननं झेडएफएस दिली सीडीडीएल लायसन्सखाली, लिनक्सचं कर्नल जीपीएलखाली. दोन्ही ओपन सोर्स, पण दोन्हीच्या अटी एकत्र नांदत नाहीत असं बहुतेकांचं मत. त्यामुळे ती सरळ कर्नलमध्ये घेता येईना. २००६ मध्ये रिकार्डो कोरेया यांनी गूगल समर ऑफ कोडमध्ये आडवाट काढली, फ्यूजमधून, म्हणजे कर्नलच्या बाहेर राहून. चालायची, पण हळू.

मग अमेरिकेतली लॉरेन्स लिव्हरमोर ही राष्ट्रीय प्रयोगशाळा पुढे आली. तिथं ब्रायन बेलेंडॉर्फ यांच्या टीमनं झेडएफएस लिनक्सवर आणायला घेतली. पण त्यांना ती हवी होती त्यांच्या सुपरकॉम्प्युटरच्या लस्टर नावाच्या सिस्टीमखाली. त्यासाठी खालचे थर पुरेसे होते. तुमच्या-माझ्यासारख्यानं माउंट करून फोल्डर उघडावं, फाईल ठेवावी, हा वरचा थर त्यांनी केलाच नव्हता. त्यांना लागतच नव्हता ना.

आणि इथं पुणं येतं. ऑगस्ट २०१० मध्ये बातमी आली की पुण्याच्या केक्यू इन्फोटेक नावाच्या कंपनीनं लिव्हरमोरच्या कामावर तो राहिलेला वरचा थर बसवलाय. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. लिनक्सच्या कर्नलमध्ये चालणारी, माउंट होणारी झेडएफएस, पुण्यातून! मी तेव्हा शाळेत होतो. ही गोष्ट मला बीटेकच्या चारही वर्षांत कुणी सांगितली नाही. ऑपरेटिंग सिस्टीमच्या तासाला आम्ही इनोडची आकृती काढली, परीक्षेत पुन्हा तीच काढली, झालं.

पुढे काय झालं? २०११ मध्येच एसटेक नावाच्या अमेरिकी एसएसडी कंपनीनं केक्यू इन्फोटेक विकत घेतली आणि त्यांची झेडएफएस मागे पडली. त्याच सुमारास लिव्हरमोरनं आपला वरचा थर स्वतः लिहिला. २०१२ मध्ये त्यांच्या सिकोया या सुपरकॉम्प्युटरखाली ५५ पेटाबाइटचा साठा झेडएफएसवर चालू झाला, मार्च २०१३ मध्ये सगळ्यांसाठी ०.६.१ आवृत्ती आली. सप्टेंबर २०१३ मध्ये ओपनझेडएफएस नावाची छत्री उघडली. २०१६ मध्ये उबुंटूनं ती सोबत द्यायला सुरुवात केली. आज आपण जी वापरतो ती हीच. पुण्यातली वाट बंद झाली, पण हे होऊ शकतं हे सगळ्यांच्या आधी तिथं दिसलं. माझ्या मते आपल्याकडच्या कॉलेजात हा किस्सा इनोडच्या आकृतीआधी सांगायला हवा.

आता डॉक्युमेंटेशन. सनचं काम याबाबतीत चांगलं होतं. पहिलं म्हणजे त्यांनी सगळा कारभार दोनच कमांडमध्ये बसवला: डिस्कचं काम असेल तर झेडपूल, आतल्या कप्प्यांचं असेल तर झेडएफएस. कमांड कमी असली की समजावणं निम्मं होतं. दुसरं, त्यांची अ‍ॅडमिनिस्ट्रेशन गाईड खरंच वाचण्यासारखी होती. पण जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली, आणि काही काळानं सनच्या डॉक्युमेंटेशनचा जुना पत्ताच बंद झाला. जगभरच्या ब्लॉगवर, प्रश्नोत्तरांत ज्या लिंक दिलेल्या होत्या त्या एका झटक्यात जुन्या झाल्या. कोड जगला, समजावणारी पानं विखुरली. मग लोकांनी पुन्हा लिहिलं. फ्रीबीएसडीच्या हँडबुकात झेडएफएसचं अख्खं प्रकरण आहे, २०१५ मध्ये मायकेल लुकस आणि अ‍ॅलन ज्यूड यांनी पुस्तक काढलं. ओपनझेडएफएसची मॅन पेजेस एवढी लांब झाली होती की स्क्रोल करताना अंगठा दुखावा. २०२० च्या २.० आवृत्तीत ती प्रत्येक उपकमांडसाठी वेगळी केली. मला विचाराल तर त्या आवृत्तीतली सगळ्यात उपयोगी सुधारणा हीच. पण ते सगळं इंग्रजीत, आणि ज्याला आधीच निम्मं येतं त्याच्यासाठी लिहिलेलं.

मराठीत असं काही झालंय का? कॉम्प्युटरवर शोधायच्या आधी आपण आपल्या दफ्तरांकडे बघू. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, रघुनाथ पंडितांच्या नावावर असलेला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द. मोठं काम. पण आज तुम्ही तहसीलला जाऊन बघा: दफ्तर, रुमाल, नक्कल, खासरा, तहसील. लोकांच्या तोंडात जो शब्द बसला तो बसला. आणि आपला मराठवाडा तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. सरकारी कागद उर्दूत. बोलायचं मराठी, पेरायचं मराठीत, आणि जमीन आपली आहे हे सांगणारा कागद वाचायला दुसऱ्याकडे जायचं. आमच्याकडे जुनी नक्कल वाचून घ्यायला लोक आजही माणूस शोधत फिरतात. वाचता न येणारा कागद आपल्याच घरात असणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरं उदाहरण पुण्याचं पेशवे दफ्तर. हजारो रुमाल, बहुतेक मोडीत. त्यातून निवडून रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ४५ खंड काढले, ते प्रसिद्ध आहेत. त्यामानानं कमी माहीत असलेलं म्हणजे १९३३ चं त्यांचं हँडबुक: दफ्तरात कुठल्या प्रकारचे कागद आहेत, कुठल्या विभागात काय शोधायचं. माझ्या लेखी ते एका अवघड फाईल सिस्टीमचं नवख्या माणसासाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशनच आहे. तेही इंग्रजीत, हा भाग सोडा.

आता माझ्या गाईडकडे येतो. ती कुणासाठी, हे ठरवलं तेव्हा डोळ्यासमोर एकच माणूस होता, माझे लातूरचे मामा. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे वर्षानुवर्षांचे फोटो डिस्कवर. लोक दहा-दहा वर्षांनी येतात. अल्बम पाण्यात भिजला, घर बदललं, किंवा वडील गेले आणि फ्रेमसाठी चांगला फोटो हवाय. अशाच एका बाईंना मामांनी फोटो काढून द्यायला घेतला. फाईल होती, नाव बरोबर, साईझ बरोबर. उघडली तर वरचा भाग नीट आणि खाली सगळं करडं. तिच्या वडिलांचा चेहरा त्या करड्या भागात होता. डिस्क चालू होती, कुठलीही एरर आली नव्हती, आणि बॅकअपमध्येही तीच बिघडलेली प्रत जाऊन बसलेली. त्या बाई काही बोलल्या नाहीत, हे मामा मला दोन-तीनदा म्हणाले.

तर मामांच्या जुन्या पीसीवर उबुंटू टाकून झेडएफएस लावली. सुरुवातीला ४ टीबीची एकच डिस्क. एका डिस्कवर बिघाड कळतो, दुरुस्त होत नाही, कारण दुसरी प्रत कुठून आणणार? म्हणून दुसरी डिस्क घ्यायची आणि आरसा करायचा, म्हणजे मिरर, असं ठरलं. डिस्क ते घेणार होते आणि जोडणार पण तेच होते, माझ्या गाईडचं दुसरं प्रकरण समोर ठेवून. मी पुण्यात, फोनवर.

झेडपूलमध्ये दोन उपकमांड आहेत: अ‍ॅड आणि अटॅच. मसुद्यातला तो भाग वाचून मामांचा फोन आला. "अरे भाच्चा, दोन्ही बी जोडणंच हाय की. मग मी नेमकं कोणतं जोडू?"

या प्रश्नात सगळं आलं. अ‍ॅड म्हणजे पूलमध्ये आणखी एक टाकी, पाणी दोन्हीत वाटून. अटॅच म्हणजे जे पाणी पहिल्या टाकीत, तेच थेंबन् थेंब दुसरीतही. एका डिस्कच्या पूलला तुम्ही अ‍ॅडनं दुसरी डिस्क दिलीत तर जागा ४ ची ८ टीबी होते, माणूस खूश. पण आता दोघींपैकी कुठलीही एक डिस्क मेली की अख्खा पूल गेला. मघाशी म्हटलं ना, सामायिक टाकीला भोक पडलं तर? ते हे. म्हणजे सुरक्षिततेसाठी डिस्क आणली आणि धोका दुप्पट केला. पूलमध्ये आधीच मिरर असेल आणि तुम्ही एकटी डिस्क अ‍ॅड करायला गेलात तर झेडएफएस अडवते, जबरदस्ती केल्याशिवाय ऐकत नाही. पण पूल एका डिस्कचाच असेल तर तिच्या दृष्टीनं यात वावगं काही नाही. ती गप्प करून टाकते. २०१९ च्या ०.८ आवृत्तीआधी तर लिनक्सवर अशी घुसवलेली डिस्क परत काढताही येत नव्हती. सगळं उचलून दुसरीकडे न्या, पूल मोडा, नव्यानं बांधा.

इंग्रजीत निदान शब्द तरी दोन आहेत. आपल्याकडे दोन्हीला 'जोडा'. शब्दकोशाप्रमाणे दोन्ही बरोबर, आणि डेटा मातीत. म्हणून त्या गाईडमध्ये मी 'जोडणे' हा शब्द पूर्ण बंद केला. अ‍ॅडला 'भर घालणे', अटॅचला 'जोडीला लावणे'. 'जोडीला' म्हटलं की जोडी डोळ्यासमोर येते, बैलजोडी म्हणा, नवरा-नवरी म्हणा, एकासारखं दुसरं. भर घातली की ढीग वाढतो. मामांना लगेच कळलं. शिवाय दोन ओळी ठळक अक्षरांत टाकल्या. एक: भर घालायच्या आधी कमांडला मायनस एन लावा, म्हणजे ती काहीही न करता नुसता नकाशा दाखवते. दोन: जोडीला लावल्यावर जागा वाढायला नको. वाढली असेल तर एकही फाईल टाकू नका, मला फोन करा.

दुसरी एक सवय मी फार जुन्या ठिकाणाहून उचलली. ३ नोव्हेंबर १९७१ ला युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं. त्यात कमांडच्या पानावर बग्स असा मथळा असायचा, म्हणजे ही कमांड कुठं दगा देते ते लिहिणाऱ्यांनीच सांगून टाकायचं. आपल्याकडे बैल विकताना त्याची खोड सांगणारा माणूस विरळा. तर माझ्या गाईडमध्ये प्रत्येक कमांडखाली 'खोड' असा मथळा आहे. स्नॅपशॉटची खोड: तो बॅकअप नाही, त्याच पूलमध्ये राहतो, पूल गेला की तोही गेला. स्क्रबची खोड: तो चालू असताना पीसी मंद होतो, मामा वैतागतात आणि बंद करायला जातात. स्क्रब म्हणजे सगळे खण एकदा वाचून चेकसम ताडून बघणं. उबुंटूमध्ये तो महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपोआप होतो. लग्नसराईतला दुसरा रविवार म्हणजे मामांच्या कामाचा कडेलोट, म्हणून आम्ही तो मंगळवारी रात्री हलवला. हे कुठल्याही इंग्रजी गाईडमध्ये सापडणार नाही, आणि लातूरच्या स्टुडिओवाल्याला सगळ्यात आधी हेच लागतं.

'फाईल'ला मी संचिका म्हटलं नाही, धारिकाही नाही. डिस्क ही डिस्क, पूल हा पूल. नाव तेच ठेवायचं जे स्क्रीनवर दिसतं, कारण माणूस स्क्रीनवर तेच शोधणार. मराठी लागते ती क्रियापदांत, जिथं हात चालतो तिथं. यावर वाद घाला, मला आवडेल.

एक शब्द मात्र अडलाय. मिररमधली एक डिस्क मेली आणि नवी घातली की झेडएफएस चांगल्या डिस्कवरून सगळं तिच्यावर उतरवते. त्याला रिसिल्व्हर म्हणतात. आरशामागचा मुलामा उडाला की तो पुन्हा चढवायचा, त्यावरून. मी 'भरपाई' लिहिलं होतं. मामा म्हणाले, भरपाई पीक गेल्यावर मिळती, आणि मिळाली तर. त्यांनी सुचवलं 'कल्हई'. पितळी भांड्याची कल्हई गेली की पुन्हा करतात, तशी. मला पटलं, पण माझ्या रूममेटला कल्हई म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि तुमच्यातल्या किती जणांनी दारावर कल्हईवाला आलेला बघितलाय, मला शंका आहे. सध्या गाईडमध्ये 'कल्हई' लिहून खाली दोन ओळींत ती कशी करतात ते सांगितलंय, नवसागर, कथील सगळं. याहून चांगला, तुमच्या गावात खरंच वापरात असलेला शब्द असेल तर व्हॉइस नोट पाठवा.